एफ-८२ ट्विन मस्टँग : विमानबांधणीच्या खेळात दोन धडांचे लढाऊ विमान मधल्या पंखापासून कसे उभारावे

सुटे भाग जोडून विमान बांधायचे आणि मग तेच उडवून पाहायचे, अशा सिंपलप्लेन्स किंवा केर्बल स्पेस प्रोग्रॅमसारख्या खेळांत नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन कंपनीचे एफ-८२ ट्विन मस्टँग बांधायला घेतले, की एक सोपी वाट लगेच समोर येते. आधी बांधून ठेवलेले पी-५१ मस्टँग उघडावे, त्याची प्रत शेजारी ठेवावी, दोहोंच्या मध्ये पंखाचा एक तुकडा बसवावा आणि मागे शेपट्या जोडून टाकाव्यात. लांबून पाहिले तर विमान ओळखूही येते. मात्र ते उडवायला घेतले की धावपट्टीवर एका बाजूला ओढते, हवेत दोन्ही धडे आपापल्या तालावर डोलू लागतात आणि एकदा कलू लागलेले विमान थांबवायला फार वेळ लागतो. या दोषांचे मूळ एकच आहे. या विमानाची मध्यरेषा कोणत्याही धडातून जात नाही. ती दोन धडांमधल्या मोकळ्या जागेतून, मधल्या पंखाच्या बरोबर मध्यातून जाते. म्हणून बांधणीची सुरुवात तिथूनच करावी. वजन, जोडांची ताकद, प्रोपेलरांची दिशा, बंदुका, चाके आणि वैमानिकाची दृष्टी यांतला प्रत्येक निर्णय त्या मधल्या पंखाशी येऊन ठेपतो, आणि तो पंख नीट बसला की उरलेले काम बरेचसे सरळ होते.

कोणता प्रकार बांधायचा

दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरावरून लांबच्या मोहिमांवर जाणाऱ्या बी-२९ बाँबर विमानांना सोबत करता यावी, यासाठी हे विमान आखले गेले. इतक्या लांबच्या उड्डाणात एकट्या वैमानिकावर ताण पडू नये म्हणून विमानाला दोन कॉकपिट मिळाले. मस्टँगचे रचनाकार एडगर श्मूड यांच्या गटाने त्यासाठी एक्सपी-५१एफ या वजनाने हलक्या केलेल्या प्रायोगिक मस्टँगचे धड आधाराला घेतले आणि शेपटीच्या पुढे ५७ इंचांचा, म्हणजे सुमारे १.४५ मीटरचा, जादा भाग घातला. पहिला नमुना १९४५ मध्ये उडाला, पण विमान सेवेत येण्याआधीच युद्ध संपले. सुरुवातीच्या पी-८२बी प्रकारात पॅकार्डने बनवलेली मर्लिन इंजिने होती. पी-८२ई आणि त्यापुढच्या प्रकारांत ॲलिसन व्ही-१७१० इंजिने आली. १९४८ मध्ये अमेरिकी हवाई दलाने लढाऊ विमानांसाठीचे ‘पी’ हे अक्षर बदलून ‘एफ’ केले, त्यामुळे जुन्या छायाचित्रांत आणि लेखांत एकाच विमानाची दोन नावे आढळतात.

बांधणाऱ्याच्या दृष्टीने पहिला प्रश्न असा, की मर्लिनचे दिवसा उडणारे विमान हवे की ॲलिसनचे, रडार बसवलेले रात्रीचे विमान हवे. पहिल्यांदाच हे विमान बांधणाऱ्याने पी-८२बी निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात मधल्या पंखाखाली रडारचा लांब डबा नसतो, त्यामुळे वजनाचा तोल साधणे सोपे जाते. शिवाय याच प्रकारातील ‘बेटी जो’ हे विमान फेब्रुवारी १९४७ मध्ये होनोलुलूहून न्यूयॉर्कपर्यंत कुठेही न उतरता, सुमारे ८,१३० किलोमीटरचे अंतर साडेचौदा तासांत कापून गेले होते. ते आज ओहायो राज्यातील डेटन येथे अमेरिकी हवाई दलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेले आहे, त्यामुळे सर्व बाजूंनी काढलेली त्याची छायाचित्रे सहज मिळतात. रात्रीचे एफ-८२जी हे या विमानाचे लढाईतले रूप. २७ जून १९५० रोजी कोरियन युद्धात अमेरिकेने हवाई लढतीत मिळवलेला पहिला विजय याच प्रकाराच्या नावावर आहे. ते बांधण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, पण बी प्रकार नीट उडू लागला की त्याच्या प्रतीवरून जी प्रकार करणे फारसे कठीण नाही.

मापे : दोन मस्टँगांची बेरीज का चालत नाही

पी-५१डी मस्टँगच्या पंखांचा विस्तार ११.२८ मीटर आणि पंखांचे क्षेत्रफळ सुमारे २१.८ चौरस मीटर होते. लढाईसाठी सज्ज असताना त्याचे वजन ४,१७५ किलोच्या आसपास असे. एफ-८२जीच्या पंखांचा विस्तार १५.६२ मीटर, क्षेत्रफळ ३७.९ चौरस मीटर, रिकामे वजन सुमारे ७,२५६ किलो आणि भरलेले वजन सुमारे ११,६०८ किलो. दोन मस्टँगांच्या पंखांचे क्षेत्रफळ मिळून ४३ चौरस मीटरच्या वर जाते, म्हणजे जोड-विमानाचे पंख त्या बेरजेपेक्षा लहान आहेत आणि भरलेले वजन मात्र बेरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. मस्टँगच्या पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १९१ किलोचा भार पडतो. पूर्ण भरलेल्या एफ-८२जीमध्ये तोच आकडा ३०६ किलोपर्यंत पोहोचतो. ज्या वेगाखाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो वेग या भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे बाकी सगळे सारखे धरले तरी पूर्ण भारावरचे जोड-विमान मस्टँगच्या सव्वापट वेगालाच हवा सोडते, म्हणजे पंखांना पेलेनासे होऊन खाली येऊ लागते. खेळात बांधलेली प्रतिकृती मस्टँगइतकीच हळू आणि अलगद उतरत असेल, तर तिचे पंख मोठे तरी झाले आहेत किंवा वजन कमी तरी पडले आहे, असे समजावे.

रेखाचित्रावरून मापे काढण्याची एक सोयीची रीत आहे. वरून दिसणारे रेखाचित्र घेऊन त्याचा आकार असा बदलावा, की पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बरोबर १,५६२ पिक्सेल भरतील. त्यानंतर चित्रातला प्रत्येक पिक्सेल एक सेंटिमीटर होतो आणि दोन धडांच्या मध्यरेषांमधले अंतर, मधल्या पंखाची रुंदी, शेपटीची लांबी ही सगळी मापे थेट मोजता येतात. समोरून आणि बाजूने दिसणारी चित्रे त्याच प्रमाणात आणावीत. रडारचा डबा नसलेल्या प्रकारांची लांबी १२ मीटरच्या आतबाहेर भरते. बाजूच्या चित्रात तिच्यापासून फार वेगळा आकडा येत असेल, तर चित्र ताणले गेले आहे हे ओळखून ते बाजूला ठेवावे.

मधला पंख हाच पाया

बांधणीचा पहिला भाग म्हणून मधल्या पंखाच्या मध्यावर एक छोटा ठोकळा ठेवावा आणि बाकी सगळे त्याच्यापासून दोन्ही बाजूंना वाढवावे. केर्बल स्पेस प्रोग्रॅममध्ये हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण तिथे आरशातल्या प्रतिबिंबासारखी जोडी करताना आरसा मूळ भागाच्या मध्यरेषेवर धरला जातो. मूळ भाग म्हणून डावे कॉकपिट घेतले, तर आरसा त्या कॉकपिटमधूनच जातो आणि उजवे धड कधीच योग्य जागी पडत नाही. मूळ भाग मध्यात असला की एका बाजूला धड जोडताच दुसऱ्या बाजूचे धड आपोआप तयार होते. सिंपलप्लेन्समध्ये अर्धे विमान बांधून पूर्ण विमानाचे प्रतिबिंब घेण्याची सोय वापरावी. तिथेही मध्य ठरवून मगच बाजू वाढवाव्यात.

मधला पंख आयताकृती आहे. त्याची पुढून मागे मोजलेली रुंदी एका धडापासून दुसऱ्या धडापर्यंत सारखी राहते आणि तो आडवा सपाट असतो. बाहेरचे दोन पंख मात्र टोकाकडे निमुळते होत जातात आणि मस्टँगप्रमाणे किंचित वर उचललेले असतात. ही उचल पाच अंशांच्या आसपास ठेवावी. दोन धडांमधले अंतर प्रोपेलरांच्या व्यासापेक्षा स्पष्टपणे जास्त हवे, नाहीतर दोन्ही पंख्यांची वर्तुळे मध्ये एकमेकांना भिडतील आणि त्यांच्यामधून गोळ्या जायलाही जागा राहणार नाही. पंखाचा आडवा छेद निवडता येत असेल, तर वरची आणि खालची बाजू सारखी असलेला छेद घेताना पंखाला दीड-दोन अंशांचा पुढे वर चढता कोन द्यावा, कारण असा छेद शून्य कोनात उत्थापक बल निर्माण करत नाही आणि मग सरळ उडतानाही नाक वर धरून ठेवावे लागते. वरची बाजू किंचित फुगीर असलेला छेद मिळत असेल तर तोच घ्यावा.

धडे, शेपटी आणि सांगाड्याची ताकद

धड बांधताना नाकापासून पंखाच्या मागच्या कडेपर्यंतचा भाग मस्टँगचाच आहे असे धरून चालता येते. पोटाखालचा हवा घेणारा रेडिएटरचा फुगवटा दोन्ही धडांना असतो आणि तो गाळला तर विमान मस्टँगच्या कुळातले वाटतच नाही. वाढीव लांबी कॉकपिटच्या मागे, शेपटीच्या आधी घालावी. नाकात घालू नये. या लांबीमुळे शेपटीचा तरफेचा दांडा वाढतो आणि तुलनेने लहान आडवी शेपटीही पुरेसे काम करते. उभ्या पंखाच्या पुढे धडाच्या पाठीवर उतरत येणारी लांब पट्टीही विसरू नये, कारण बाजूने पाहताना ती लगेच लक्षात येते.

आडवी शेपटी दोन उभ्या पंखांच्या मध्ये असते, त्यांच्या बाहेर जात नाही, आणि तिच्या मागच्या कडेला एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा हलता पृष्ठभाग, असतो. या शेपटीकडे केवळ उड्डाणाचा भाग म्हणून पाहू नये. दोन धडे म्हणजे शिडीचे दोन उभे बांबू धरले, तर मधला पंख ही एक पायरी आणि आडवी शेपटी ही दुसरी. एकाच पायरीवर बांधलेली शिडी मुरडते. मधल्या पंखावर पीळ बसून एक धड नाक वर आणि दुसरे नाक खाली करू लागते, ते थांबवण्याचे काम मागची शेपटी करते. सिंपलप्लेन्समध्ये एक भाग अनेक भागांना जोडता येतो, त्यामुळे आडवी शेपटी दोन्ही उभ्या पंखांना खरोखर जोडली गेली आहे का, हे जोडांच्या यादीत पाहून घ्यावे; नुसती चिकटून दिसणे पुरेसे नाही. केर्बलमध्ये मात्र सगळे भाग झाडाच्या फांद्यांप्रमाणे जोडलेले असतात, प्रत्येक भागाला एकच पालक भाग असतो, त्यामुळे शेपटीने दोन्ही धडांना थेट बांधता येत नाही. तिथे शेपटीचे दोन अर्धे आपापल्या धडाला जोडून मध्ये एकमेकांना टेकवावेत आणि त्यांच्यामध्ये आधाराची दांडी टाकावी. खेळातली आपोआप आधार देणारी सोयही चालू करावी, पण तिच्यावर एकट्या विसंबू नये. कोणत्याही खेळात थरथर कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे भागांची संख्या कमी ठेवणे. दहा लहान ठोकळ्यांच्या धडापेक्षा चार लांब ठोकळ्यांचे धड अधिक ताठ राहते.

इंजिने आणि प्रोपेलरांची दिशा

या विमानाच्या घडणीतला सर्वांत बोलका धडा इथे आहे. पहिल्या नमुन्यात दोन्ही प्रोपेलरांची पाती मधल्या पंखाकडे येताना खालून वर जात होती. त्या वरच्या ओघामुळे मधल्या पंखावरचा हवेचा प्रवाह इतका बिघडला, की त्या पंखाचे उत्थापक बल जवळजवळ नाहीसे झाले आणि पहिल्या प्रयत्नात विमान जमीन सोडीना. इंजिनांची अदलाबदल करून पाती मध्याकडे येताना वरून खाली जातील असे केले, तेव्हा ते उडाले. मधला पंख एकूण क्षेत्रफळाचा मोठा वाटा उचलतो, हे या प्रसंगावरून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही तक्त्यावरून होत नाही.

म्हणून प्रतिकृतीत, वैमानिकाच्या मागून पाहिले असता, डाव्या धडाचा प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि उजव्या धडाचा त्याच्या उलट फिरला पाहिजे. काही खेळ दिशा समोरून पाहून सांगतात, काही मागून; त्यामुळे मेनूतल्या शब्दांवर विसंबू नये. इंजिन अगदी कमी वेगाने चालवून मध्याकडचे पाते खाली जाते की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. आपल्या खेळात पंख्याचा वारा पंखावर परिणाम करत नसेल, तरीही ही दिशा पाळण्याला कारण आहे. विमान नाक वर करून उडते तेव्हा खाली येणारे पाते वर जाणाऱ्या पात्यापेक्षा जास्त रेटा देते. ते पाते मध्याकडे असले की रेट्याची रेषाही मध्याकडे सरकते आणि एक इंजिन बंद पडल्यावर विमान कमी वळते. शिवाय दोन इंजिनांचे उलटसुलट पीळ एकमेकांना निष्प्रभ करतात, त्यामुळे मस्टँगला उड्डाण घेताना लागणारा रडरचा, म्हणजे उभ्या शेपटीवरच्या वळवणाऱ्या पृष्ठभागाचा, जोर इथे लागत नाही.

प्रत्येक इंजिनाची शक्ती ॲलिसन प्रकारासाठी १,६०० अश्वशक्तीच्या आसपास ठेवावी आणि पंख्याला चार पाती द्यावीत. खेळातल्या तयार इंजिनाची शक्ती जास्त असेल तर ती कमी करावी. वेग कमी पडतो म्हणून शक्ती वाढवत जाण्यापेक्षा आधी हवेचा रोध तपासणे योग्य. एफ-८२जीचा कमाल वेग सुमारे ६,४०० मीटर उंचीवर ताशी ७४० किलोमीटरच्या जवळ होता. समुद्रसपाटीला हा वेग गाठण्यासाठी धडपड करू नये, ती अपेक्षाच चुकीची आहे. केर्बलमध्ये ब्रेकिंग ग्राउंड या २०१९ च्या जोडसंचातले फिरते भाग आणि पाती वापरावी लागतात. तिथे फिरण्याची दिशा उलटी केली की पात्यांचा कोनही उलटा करावा लागतो, नाहीतर तोच पंखा विमानाला मागे ढकलतो.

चाके

प्रत्येक धडाखाली एक मुख्य चाक आणि शेपटीखाली एक लहान चाक, अशी एकूण चार चाके असतात. मुख्य चाके धडाच्या बाहेरच्या कडेजवळून निघतात आणि आत, मध्याकडे दुमडतात. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे पडला पाहिजे. बाजूने पाहताना चाक जमिनीला टेकते त्या बिंदूपासून गुरुत्वमध्यापर्यंत रेषा काढली, तर ती उभ्या रेषेपासून मागे १६ ते २५ अंशांच्या दरम्यान झुकलेली असावी. कोन याहून लहान झाला तर ब्रेक लावताच नाक जमिनीला टेकते. मोठा झाला तर शेपटी उचलायला फार वेग लागतो. शेपटीची दोन्ही चाके रडरसोबत वळतील अशी करावीत आणि ती एकाच दिशेला वळतात ना, हे तपासावे, कारण प्रतिबिंब घेताना एखादे चाक उलटे वळू लागणे ही नेहमीची गोष्ट आहे.

तोल

गुरुत्वमध्य उत्थापक बलाच्या मध्याच्या किंचित पुढे असावा, हा नियम इथेही तोच आहे. इंधन पंखांमध्ये, गुरुत्वमध्याच्या जवळ ठेवावे आणि टाक्या भरलेल्या असताना, अर्ध्या असताना आणि रिकाम्या असताना तोल पाहावा. लांब पल्ल्याच्या या विमानात इंधनाचे वजन मोठे असल्यामुळे ते मागे ठेवले तर उड्डाणाच्या सुरुवातीला विमान हाताबाहेर जाऊ शकते.

एकधडी विमान बांधणाऱ्याला ज्याची सवय नसते ती गोष्ट म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंचा तोल. खेळाला एक मुख्य कॉकपिट लागते आणि ते बहुधा डाव्या धडात ठेवले जाते. उजव्या धडात मग केवळ दिखाऊ काच येते. या दोन भागांची वजने वेगळी असली की विमान सतत एका बाजूला झुकते. वजन बदलण्याची सोय असेल तर उजव्या बाजूला तेवढेच वजन द्यावे, नसेल तर त्याच जागी वजनाचा ठोकळा लपवावा.

विमान हात सोडल्यावर एका बाजूला कलत असेल, तर कारण शोधण्याची एक चांगली चाचणी आहे. ते सरळ ठेवण्यासाठी एलेरॉनला (पंखाच्या मागच्या कडेवरच्या, विमान कलवणाऱ्या पृष्ठभागाला) किती ट्रिम, म्हणजे कायमचा ठेवलेला कल, द्यावा लागतो, हे कमी वेगात आणि जास्त वेगात पाहावे. वेग वाढल्यावर लागणारा ट्रिम झपाट्याने कमी होत असेल, तर दोष वजनात आहे, कारण वजनाचा झुकाव तेवढाच राहतो आणि एलेरॉनची ताकद मात्र वेगाच्या वर्गाने वाढते. दोन्ही वेगांना सारखाच ट्रिम लागत असेल, तर एखादा पंख वेगळ्या कोनात बसला आहे. आणि कल इंजिनाच्या थ्रॉटलनुसार बदलत असेल, तर दोन्ही प्रोपेलर एकाच दिशेने फिरत आहेत, असे धरून त्यांच्याकडे परत जावे.

कलणे आणि नियंत्रण

या विमानात वजनाचा मोठा भाग, म्हणजे इंजिने, धडे आणि वैमानिक, मध्यरेषेपासून दूर आहे. कलण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. तेच वजन दुप्पट दूर नेले तर विरोध चौपट होतो. त्यामुळे एलेरॉन हलवल्यावर विमान थोडे उशिरा कलू लागते आणि थांबतेही उशिरा. हा गुण प्रतिकृतीतून काढून टाकू नये, तो या विमानाचा स्वभाव आहे. एलेरॉन बाहेरच्या पंखांच्या टोकाकडे लांब ठेवावेत, फ्लॅप, म्हणजे कमी वेगात उत्थापक बल वाढवण्यासाठी खाली वळणारे पट्टे, मधल्या पंखावरही द्यावेत. केर्बलमध्ये प्रत्येक हलता पृष्ठभाग सुरुवातीला सगळ्याच आज्ञांना प्रतिसाद देतो. तिथे एलेरॉनला केवळ कलण्याची, एलेव्हेटरला केवळ नाक वर-खाली करण्याची आणि दोन्ही रडरांना केवळ वळण्याची आज्ञा ठेवून बाकीच्या बंद कराव्यात. तसे न केल्यास आडवी शेपटीही कलवण्यात भाग घेते आणि आधीच नाजूक असलेल्या मागच्या जोडांवर पीळ बसतो.

बंदुका आणि वैमानिकाची नजर

१२.७ मिलिमीटरच्या सहा मशीनगन मधल्या पंखात, दोन पंख्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत असतात. मस्टँगच्या बंदुका दोन्ही पंखांत दूर दूर असल्यामुळे त्यांच्या गोळ्या ठरावीक अंतरावर एकत्र येतील असे त्यांना आत वळवावे लागे. इथे सहाही बंदुका जवळजवळ असल्यामुळे त्या समांतर ठेवल्या तरी मारा दाट राहतो. या मांडणीचा फायदा खेळातही लगेच जाणवतो.

अडचण नजरेची आहे. वैमानिक डाव्या धडात बसतो आणि बंदुका त्याच्या उजवीकडे असतात. धडांच्या मध्यरेषांमधले निम्मे अंतर आपल्या प्रतिकृतीत २.२ मीटर भरले असे धरू. मग ३०० मीटरवरच्या लक्ष्यासाठी नजरेची रेषा आणि गोळ्यांची रेषा यांच्यात ०.४ अंशांहून थोडा जास्त कोन हवा. बंदुका सरळ ठेवून नेम धरण्याची काच तेवढी उजवीकडे वळवावी. बंदुका डावीकडे वळवू नयेत, कारण मग त्या अंतराच्या पलीकडे गोळ्या डावीकडे भरकटत जातात आणि बाहेरून पाहणाऱ्यालाही विमान वाकडे मारा करताना दिसते. काच वळवण्याची सोय नसल्यास काचेवरची खूणच किंचित उजवीकडे सरकवून काढावी.

कॉकपिटमधून उडवताना आणखी एक गोष्ट जाणवते. विमान मध्यरेषेभोवती कलते, त्यामुळे डावीकडे बसलेला वैमानिक डावीकडे कलताना खाली जातो आणि उजवीकडे कलताना वर उचलला जातो. सेकंदाला ९० अंश या दराने कलताना २.२ मीटर अंतरावर ही वर-खाली होण्याची गती सेकंदाला सुमारे साडेतीन मीटर होते. ज्यांना केवळ मध्यातून उडवण्याची सवय आहे त्यांना हे पहिल्यांदा विचित्र वाटेल, पण मला या विमानातले हेच सर्वांत अस्सल वाटते. म्हणून कॅमेरा मध्यात आणून हा अनुभव पुसून टाकू नये. रचना सुरू असताना आणि बाहेरून पाहण्यासाठी मात्र मध्यावर दुसरा कॅमेरा ठेवणे सोयीचे असते.

चाचणी उड्डाणे

पहिल्या उड्डाणाला टाक्या निम्म्या ठेवाव्यात. धावपट्टीवर शेपटी उचलल्यावर विमान सरळ धावते का, हे आधी पाहावे आणि वळत असेल तर न उडता थांबून चाकांची दिशा आणि दोन्ही इंजिनांची शक्ती तपासावी. हवेत गेल्यावर वेग वाढवत न्यावा आणि मागे पाहून दोन्ही शेपट्या स्थिर आहेत का, ते बघावे. वेगासोबत थरथर वाढत असेल, तर तो जोडांचा प्रश्न आहे. तेथे एलेव्हेटरची ताकद कमी करून पाहण्याचा उपयोग नाही.

त्यानंतर एक इंजिन बंद करण्याची चाचणी करावी आणि त्यासाठी दोन्ही इंजिनांना वेगवेगळ्या कळा आधीच द्याव्यात. पुरेशा उंचीवर डावे इंजिन बंद करावे, त्याचा पंखा हवेला धार दाखवेल असा वळवता येत असेल तर वळवावा, आणि पूर्ण रडर देऊन वेग हळूहळू कमी करत न्यावा. ज्या वेगाला पूर्ण रडर देऊनही नाक बंद इंजिनाकडे वळू लागते तो वेग लिहून ठेवावा, कारण त्याखाली एका इंजिनावर कधीही उतरायला जाऊ नये. हा वेग विमान हवा सोडण्याच्या वेगापेक्षा फारच जास्त येत असेल, तर रडर रुंद करावेत. मग तीच चाचणी उजव्या इंजिनावर करावी. पंखे योग्य दिशांनी फिरत असतील तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात.

हे सगळे जमले की फाइलची प्रत काढून रात्रीचे एफ-८२जी करावे. मर्लिनच्या जागी ॲलिसनचे नाक द्यावे, सगळीकडे चकचकीत काळा रंग द्यावा आणि मधल्या पंखाखाली रडारचा लांब डबा बसवावा. या डब्याचे टोक प्रोपेलरांच्या पुढे येते, कारण पाती रडारच्या समोर आली असती तर लहरींना अडथळा झाला असता. उजव्या कॉकपिटमध्ये रडार चालवणारा बसतो, तेव्हा तिथली नियंत्रणे काढून टाकावीत. एवढे वजन पुढे आल्यामुळे गुरुत्वमध्य पुढे सरकतो, म्हणून चाकांचा कोन आणि एलेव्हेटरचा ट्रिम पुन्हा मोजावा आणि एका इंजिनाची चाचणी पूर्ण भारावर नव्याने करावी.